गीतातून चित्राकडे : रिचर्ड रेडग्रेव्ह यांच्या ‘द सेम्प्स्ट्रेस’ या चित्राची प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या रॉयल अकॅडमीचे वार्षिक प्रदर्शन ट्रफाल्गर चौकातील नॅशनल गॅलरीच्या इमारतीत भरत असे. तेथे १८४४ साली रिचर्ड रेडग्रेव्ह (१८०४–१८८८) या चित्रकाराने ‘द सेम्प्स्ट्रेस’ नावाचे एक तैलचित्र मांडले. शिवणकामावर पोट भरणारी एक एकटी स्त्री मध्यरात्र उलटून गेल्यावरही मेणबत्तीच्या उजेडात शर्ट शिवत बसली आहे, एवढाच त्याचा विषय होता. त्यात राजा नव्हता, रणांगण नव्हते, पुराणकथेतील नायिकाही नव्हती. तरीही आपल्याच काळातील मजुरीचा प्रश्न अकॅडमीच्या भिंतीवर आणणाऱ्या आरंभीच्या चित्रांमध्ये त्याची गणना होते. या चित्राची प्रेरणा टॉमस हूड (१७९९–१८४५) यांच्या ‘द साँग ऑफ द शर्ट’ या कवितेतून आली होती, आणि ती कविता केवळ काही महिन्यांपूर्वी, डिसेंबर १८४३ मध्ये, ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या नाताळ अंकात कवीच्या नावाशिवाय छापली गेली होती. कवितेतून चित्र घडताना काय टिकले, काय गळाले आणि काय नव्याने आले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. कवितेचे चित्र करणे म्हणजे तिची नक्कल करणे नव्हे, तर तिच्यातून निवड करणे होय, आणि त्या निवडीतच चित्रकाराची कला व त्याच्या समाजाची मर्यादा या दोन्ही गोष्टी दिसतात, अशी या विवेचनाची भूमिका आहे.

हे चित्र ज्या प्रकारात मोडते त्याला युरोपीय कलासमीक्षेत ‘जॉन्र’ चित्र म्हणतात. मराठीत त्यासाठी लोकजीवनचित्र हा शब्द पुरेसा आहे. सामान्य माणसांच्या दैनंदिन आयुष्यातील एखादा प्रसंग, घरातले, बाजारातले किंवा गुत्त्यातले एखादे दृश्य, जे इतिहासाच्या नोंदीत कधी येणार नाही, ते या प्रकारात चितारले जाते. युरोपातील कला अकादमींनी चित्रप्रकारांची जी प्रतवारी सतराव्या शतकापासून रूढ केली होती तिच्यात धर्म, पुराण व इतिहास यांवरील चित्रे सर्वांत वर होती आणि लोकजीवनचित्रे बरीच खाली. मात्र हॉलंडमध्ये याच प्रकाराने सतराव्या शतकात मोठी उंची गाठली, आणि इंग्लंडमध्ये विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) व पुढे डेव्हिड विल्की (१७८५–१८४१) यांनी त्याला कथनाची जोड दिली. होगार्थ यांच्या चित्रांत भिंतीवरची तसबीर, जमिनीवर पडलेले पत्र, उलटलेली खुर्ची अशी प्रत्येक वस्तू घटनेचा एखादा धागा सांगते, त्यामुळे प्रेक्षकाला ते चित्र नुसते पाहून भागत नाही, ते वाचावे लागते. व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत, म्हणजे १८३७ नंतर, ज्या मध्यमवर्गाच्या हाती चित्रे विकत घेण्याइतका पैसा आला, त्याला हीच वाचनीय चित्रे जवळची वाटली, कारण ती समजण्यासाठी लॅटिन किंवा ग्रीक वाङ्मयाचे ज्ञान लागत नव्हते. कादंबरी वाचण्याची सवय तेवढी पुरत होती.

कवितेचा आधार घेण्याची प्रथाही तेव्हा जुनी होती. रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनसूचीत चित्राच्या नावाखाली काव्यपंक्ती छापण्याची मुभा १७९८ पासून होती, आणि टर्नर यांच्यासारख्या निसर्गचित्रकारानेही तिचा सढळ उपयोग केला. काव्य आणि चित्र ही भावंडे आहेत, हे मत रोमन कवी होरेसच्या एका उक्तीच्या आधारे युरोपात शतकानुशतके मांडले जात होते. त्या मताला जर्मन विचारवंत लेसिंग यांनी १७६६ मध्ये ‘लाओकोन’ या ग्रंथात छेद दिला. त्यांचे म्हणणे असे की काव्य काळात उलगडते आणि चित्र अवकाशात मांडले जाते, म्हणून कवी क्रिया सांगू शकतो, पण चित्रकाराला त्या क्रियेतील एकच क्षण निवडावा लागतो, आणि तो असा निवडावा लागतो की त्याच्या आधीचे व नंतरचेही प्रेक्षकाला कळावे. ‘द सेम्प्स्ट्रेस’चा विचार करताना हा भेद विशेष उपयोगी पडतो, कारण हूड यांच्या कवितेचा सारा जोर एका क्षणावर नसून न थांबणाऱ्या क्रियेवर आहे.

त्या कवितेमागील परिस्थिती आधी पाहिली पाहिजे. लंडनमध्ये शिवणकामाचे दोन ठळक थर होते. वरच्या थरात श्रीमंत स्त्रियांचे पोशाख व टोप्या करणारी दुकाने होती. १८४३ च्या बालकामगार आयोगाच्या अहवालात अशा दुकानांत काम करणाऱ्या मुलींची लंडनमधील संख्या सुमारे १५,००० धरली होती, आणि उच्चभ्रूंच्या मेजवान्या व नृत्यसमारंभांचा जो हंगाम दरवर्षी भरे त्या काळात त्यांना दिवसाला पंधरा ते अठरा तास काम करावे लागे, अशी माहिती त्या अहवालातून पुढे आली. खालच्या थरात स्वस्त तयार कपड्यांचा धंदा होता. त्यात व्यापारी किंवा मध्यस्थ कापलेले कापड घरी शिवायला देत, मजुरी नगावर ठरे, आणि दोरा, सुया, मेणबत्ती यांचा खर्च बहुधा शिवणारीच्याच माथी पडे. माल नेताना अनामत भरावी लागे, त्यामुळे कापड खराब झाले किंवा गहाण पडले तर मजुरी तर बुडेच, वर फौजदारीही होई. शिवणयंत्र अजून धंद्यात आले नव्हते. अमेरिकेत एलियास होव यांना त्याचे पेटंट १८४६ मध्ये मिळाले आणि सिंगर यांचे यंत्र १८५१ मध्ये आले, म्हणजे १८४३ मध्ये लंडनमध्ये विकला जाणारा प्रत्येक शर्ट, त्याची प्रत्येक शिवण, पट्टी आणि काज यांसह, हातानेच पुरा होत होता.

ऑक्टोबर १८४३ मध्ये लॅम्बेथ भागातील एका विधवेवर, शिवण्यासाठी दिलेला माल गहाण टाकल्याचा आरोप आला. तिला एका विजारीच्या शिलाईचे सात पेन्स मिळत, दोरा तिचा तिलाच आणावा लागे, दोन लहान मुले तिच्यावर अवलंबून होती, आणि सतत काम केले तरी आठवड्याला फार तर सात शिलिंग हाती येत, हे न्यायालयात उघड झाले. ‘द टाइम्स’ने या प्रकरणावर कडक शब्दांत लिहिले, ‘पंच’नेही तो विषय उचलला, आणि याच वातावरणात हूड यांनी आपली कविता लिहिली. ते तोवर मुख्यतः शब्दकोट्या व विनोदी पद्य यांसाठी प्रसिद्ध होते, जरी ‘द ड्रीम ऑफ यूजीन अरॅम’ या १८२९ च्या कथाकाव्यात त्यांनी खुनी माणसाच्या मनाचा ठाव घेतला होता. कर्जामुळे त्यांना काही वर्षे परदेशात काढावी लागली होती आणि आता ते गंभीर आजारी होते. मार्क लेमन या संपादकांनी ती कविता स्वीकारली. ती छापून येताच ‘पंच’चा खप कमालीचा वाढला, इतर वृत्तपत्रांनी ती उचलली, ती रस्त्यांवर गायली गेली, सुती हातरुमालांवर छापली गेली, आणि १८४४ मध्ये लेमन यांनी याच विषयावर एक नाटकही रचले. स्वस्त शिवणकामाविरुद्धचा हा उद्गार स्वतःच बाजारातील स्वस्त माल झाला, ही गोष्ट त्या काळाच्या स्वभावाबद्दल बरेच सांगून जाते.

काटेकोरपणे पाहिल्यास ‘द साँग ऑफ द शर्ट’ ही कथाकाव्य आणि गीत यांच्या सीमेवरची रचना आहे. आरंभी निवेदक एका फाटक्या वस्त्रांतल्या स्त्रीला आपल्यासमोर बसवतो, नंतरची बहुतेक सारी कविता तिच्या तोंडी गाणे म्हणून येते, आणि शेवटी निवेदक परत येऊन हे गाणे श्रीमंतांच्या कानी पडावे अशी इच्छा व्यक्त करतो. कथानक असे फारसे नाही; आहे ती पुनरावृत्ती. काम, टाका, शिवण, पट्टी यांची नावे पुन्हा पुन्हा येत राहतात, आणि त्या ठेक्यात वाचकाला सुईची चाल ऐकू येते. हे गाणे करुण आहेच, पण त्याहून अधिक ते आरोप करणारे आहे. ज्यांच्या अंगावर हे शर्ट आहेत त्या पुरुषांना ती स्त्री थेट उद्देशून बोलते, त्यांना त्यांच्या आई-बहिणींची आठवण देते, आणि आपण शर्टाबरोबर आपले कफनही शिवत आहोत असे सुचवते. तिचे बोलणे कडवट आहे, त्यात उपरोध आहे, मृत्यूशी सलगी आहे, आणि अन्न इतके महाग व मनुष्यजीव इतका स्वस्त का, हा प्रश्न आहे. म्हणजे कवितेने त्या स्त्रीला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आवाज.

चित्रात नेमका आवाजच देता येत नाही. ही अडचण रेडग्रेव्ह यांनी कशी हाताळली, ते चित्राच्या मांडणीतून कळते. १८४४ मध्ये प्रदर्शित झालेली मूळ आवृत्ती आज उपलब्ध नाही, पण चित्रकाराने १८४६ मध्ये स्वतः केलेली दुसरी आवृत्ती लंडनच्या टेट संग्रहात आहे, आणि पुढील वर्णन तिच्याच आधारे केले आहे. छपराखालची अरुंद खोली, तिच्यात मेजाशी बसलेली तरुण स्त्री, मांडीवर पांढरे कापड, जळत आलेली मेणबत्ती, आणि पलीकडे खिडकीतून दिसणारी रात्र, असा हा रचनेचा सांगाडा आहे. घड्याळात पहाटेचे अडीच वाजले आहेत. बाहेर समोरच्या छपरातही एक खिडकी उजळलेली आहे. खोलीत औषधाची बाटली आहे, सुकत चाललेले रोप आहे, गरिबीची मोजकी भांडीकुंडी आहेत. त्या स्त्रीने क्षणभर सुई थांबवली आहे आणि थकून लाल झालेले डोळे वर उचलले आहेत.

या वस्तूंकडे नीट पाहिले तर त्या कवितेतील आवाजाची जागा घेतात, हे ध्यानात येते. कवितेत काम थांबत नाही हे पुनरावृत्तीने कळते. चित्रात ते घड्याळाने कळते, कारण अडीचचा आकडा पाहताच प्रेक्षक मागे मोजू लागतो की ही बाई किती तासांपासून बसली असेल, आणि पुढे मोजतो की उजाडायला अजून किती अवकाश आहे. लेसिंग यांनी सांगितलेला, आधी आणि नंतर दोन्ही पोटात घेणारा क्षण तो हाच. मेणबत्तीही काळ मोजते, पण ती खर्चही मोजते, कारण तिची किंमत शिवणारीच्या मजुरीतून वजा होते. औषधाच्या बाटलीत शरीराची झीज आहे, रोपात खोलीला न मिळणारा सूर्यप्रकाश आहे. समोरच्या उजळलेल्या खिडकीचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. ती नसती तर हे एका दुर्दैवी स्त्रीचे चित्र झाले असते; ती आहे म्हणून प्रेक्षकाला कळते की पलीकडेही कोणी जागे आहे, त्याच्यापलीकडेही असेल, आणि समोर दिसते आहे ते एका धंद्याचे रोजचे वास्तव आहे. ज्या अनेकतेचे भान आयोगाचा अहवाल आकड्यांनी देतो, ते चित्रकाराने एका पिवळ्या चौकोनात दिले आहे, आणि येथे चित्र कवितेच्याही पुढे जाते, कारण कवितेतील स्त्री आपल्या खोलीत एकटीच गाते.

मात्र निवडीची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. कवितेतील स्त्री खाली, कामाकडे आणि समोर, ऐकणाऱ्याकडे पाहते. चित्रातील स्त्री वर पाहते. वर वळलेले डोळे, किंचित मागे झुकलेली मान आणि चेहऱ्यावर पडलेला उजेड ही मुद्रा बरोक काळातील धार्मिक चित्रांतून, विशेषतः ग्विदो रेनी (१५७५–१६४२) यांच्यासारख्या इटालियन चित्रकारांच्या संतस्त्रियांमधून, युरोपीय प्रेक्षकांच्या परिचयाची होती. तिच्यामुळे शिवणारी स्त्री मालकाकडे किंवा गिऱ्हाइकाकडे दाद मागत नाही, ती देवाकडे पाहते. तिची तक्रार प्रार्थना होते आणि प्रेक्षकावरचा आरोप मावळतो. प्रेक्षक आता आरोपी राहत नाही, तो सहृदय साक्षीदार होतो. तिचे कपडे साधे पण नीटनेटके आहेत, चेहरा सुसंस्कृत आहे, आणि ती बऱ्या घरातून खाली घसरली असावी असे सुचते. प्रदर्शनसूचीत हूड यांच्या ओळी चित्रासोबत होत्या, त्यामुळे राग पूर्णपणे हरवला असे म्हणता येत नाही. पण तो कागदावर उरला, कॅनव्हासवर उतरला नाही.

हा बदल केवळ चित्रकाराच्या भिडस्तपणाचा परिणाम होता असे मानणे अन्यायाचे ठरेल. रेडग्रेव्ह यांचा या विषयाशी संबंध वरवरचा नव्हता. पिम्लिको येथे वडिलांच्या कारखान्याच्या कचेरीत नकाशे-आराखडे काढून त्यांनी तरुणपण घालवले, १८२६ मध्ये रॉयल अकॅडमीच्या शाळेत प्रवेश मिळवला, आणि बराच काळ चित्रकला शिकवून गुजराण केली. त्यांची बहीण जेन परक्या घरी गव्हर्नेस, म्हणजे श्रीमंतांच्या मुलांना घरी राहून शिकवणारी शिक्षिका, म्हणून राहिली आणि तेथे आजारी पडून तरुणपणीच वारली. गव्हर्नेसचा विषय त्यांनी १८४३ मध्ये ‘द पुअर टीचर’ या चित्रात हाताळला, आणि त्याची १८४४ ची आवृत्ती लीड्सच्या कापड उद्योगातील घराण्यात जन्मलेल्या जॉन शीपशँक्स या संग्राहकाकडे गेली. गरीब आणि पीडित यांच्या कष्टांकडे लोकांचे लक्ष वेधणे हा आपल्या उत्तम कामांचा हेतू होता, असे रेडग्रेव्ह यांनी पुढे स्वतःच नमूद केले आहे. तथापि हे चित्र ज्या भिंतीवर टांगले जाणार होते तिच्यासमोर प्रवेशशुल्क भरून आलेले, चांगले इस्त्रीचे शर्ट घातलेले लोक उभे राहणार होते, आणि त्यांना विषयापर्यंत आणायचे तर करुणेचा मार्ग आरोपाच्या मार्गापेक्षा जवळचा होता.

शिवणारी स्त्रीच इतकी लोकप्रिय का झाली, हा प्रश्नही येथे उपस्थित होतो, कारण त्याच काळात गिरण्यांत आणि खाणींत स्त्रिया कमी हालअपेष्टा भोगत नव्हत्या. याचे एक उत्तर सुईत आहे. सुई ही गरीब व श्रीमंत अशा दोन्ही घरांतील स्त्रियांच्या हातात असणारी वस्तू होती. दिवाणखान्यात भरतकाम करणारी स्त्री आणि माळ्यावर शर्ट शिवणारी स्त्री यांच्या हाताची हालचाल एकच होती, म्हणून पहिलीला दुसरीची कल्पना करणे सोपे जाई. शिवाय ही स्त्री घरात, एकटी आणि मुकाट्याने काम करते; ती कारखान्याच्या गर्दीत नाही, संपात नाही, पुरुषांच्या संगतीत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल हळहळ वाटू देण्यात मध्यमवर्गीय मनाला धोका दिसत नव्हता. दुसरे उत्तर भीतीत आहे. मजुरीवर पोट भरत नाही तेव्हा ही स्त्री वेश्याव्यवसायाकडे ढकलली जाईल, ही चिंता त्या काळच्या लिखाणात सर्वत्र आहे. हेन्री मेह्यू यांनी १८४९–५० मध्ये ‘मॉर्निंग क्रॉनिकल’साठी लंडनच्या शिवणारणींच्या ज्या मुलाखती घेतल्या त्यांत काही स्त्रियांनी ते स्वतःच सांगितले. हूड यांनीही १८४४ मध्ये ‘द ब्रिज ऑफ साइज’ या कवितेत नदीत जीव दिलेल्या बेघर स्त्रीची कथा सांगितली, आणि जी. एफ. वॉट्स यांनी काही वर्षांतच ‘फाउंड ड्राउन्ड’ या चित्रात तशीच एक स्त्री पुलाच्या कमानीखाली, पाण्याच्या काठी दाखवली. रेडग्रेव्ह यांच्या चित्रातील वर उचललेले डोळे या भीतीलाही उत्तर देतात: ही स्त्री उपाशी असेल, पण तिचा पाय घसरलेला नाही, असे ते प्रेक्षकाला आश्वासन देतात.

चित्राच्या परिणामाबद्दल बोलताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. कविता आणि चित्र यांच्या आगेमागे काही धर्मादाय संस्था निघाल्या, शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना वसाहतींत पाठवण्यासाठी १८४९ च्या सुमारास निधी उभा राहिला, पण मजुरीचा दर ठरवण्याचे बळ यांपैकी कशातही नव्हते. फ्रीडरिश एंगेल्स यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्लंडमधील कामगारवर्गाविषयीच्या ग्रंथात हूड यांच्या कवितेचे कौतुक केले आणि त्याच दमात असेही सुचवले की तिच्यामुळे भांडवलदारांच्या मुलींच्या डोळ्यांत पाणी आले, पण त्या पाण्याचा उपयोग काही झाला नाही. काही धंद्यांत किमान मजुरी ठरवण्याची कायदेशीर व्यवस्था ब्रिटनमध्ये १९०९ च्या ट्रेड बोर्ड्स कायद्याने आली, आणि त्या धंद्यांत तयार कपड्यांच्या शिलाईचा समावेश होता. म्हणजे चित्र आणि उपाय यांच्यामध्ये ६५ वर्षांचे अंतर पडले. शिवणयंत्रानेही आपोआप सुटका केली नाही, कारण यंत्राचा वेग वाढला तसा नगाचा दर उतरला.

कलेच्या क्षेत्रात मात्र या चित्राने एक वाट निश्चित पाडली. १८५० च्या सुमारास वॉट्स यांनी, १८५४ मध्ये अ‍ॅना ब्लंडेन यांनी, १८७५ मध्ये फ्रँक हॉल यांनी आणि १८७६ मध्ये जॉन एव्हरेट मिले यांनी हाच विषय पुन्हा चितारला. यांपैकी ब्लंडेन यांचे चित्र खिडकीशी हात जोडून बसलेल्या स्त्रीचे आहे, आणि त्यात रेडग्रेव्ह यांनी रूढ केलेली प्रार्थनेची मुद्रा पूर्ण झाली आहे. उलट वॉट्स यांच्या चित्रातील स्त्रीने डोके हातावर टेकले आहे आणि तिच्या अंधारात कोणतेच आश्वासन नाही. खुद्द रेडग्रेव्ह यांनी १८४७ च्या ‘फॅशन्स स्लेव्ह्ज’ या चित्रात, पोशाख आणायला उशीर झाला म्हणून एक श्रीमंत तरुणी शिवणाऱ्या मुलीला बोलते आहे असा प्रसंग घेतला, आणि ‘द सेम्प्स्ट्रेस’मधून बाहेर ठेवलेले गिऱ्हाईक तेथे चौकटीच्या आत आणले. या दोन चित्रांकडे एकत्र पाहिले तर असे दिसते की कवितेतील आरोप चित्रकाराला ऐकू आला होता. फक्त त्याच्यासाठी त्याला वेगळा प्रसंग शोधावा लागला.

रेडग्रेव्ह यांच्या पुढील आयुष्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे, आणि महाराष्ट्रातील वाचकाला त्याचे विशेष महत्त्व आहे. १८४७ पासून ते सरकारी डिझाइन शाळेत शिकवू लागले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर त्यांनी तेथील वस्तूंच्या अलंकरणावर अहवाल लिहिला, आणि हेन्री कोल यांच्यासमवेत ब्रिटनच्या कलाशिक्षणाची अशी पद्धत उभी केली की जी पुढे दक्षिण केन्सिंग्टन पद्धत म्हणून ओळखली गेली. तिच्यातील तेवीस टप्प्यांचा अभ्यासक्रम रेडग्रेव्ह यांचाच होता: सरळ रेघेपासून सुरुवात, मग सपाट अलंकरण, मग घन आकार, आणि मनुष्याकृती त्यानंतर. गालिच्यावर खरीखुरी वाटणारी फुले काढू नयेत, अलंकाराने वस्तूच्या उपयोगापुढे मिरवू नये, हा तिचा आग्रह होता, आणि त्या आग्रहाची खिल्ली डिकन्स यांनी १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत उडवली. सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कलाशाळेत १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक दक्षिण केन्सिंग्टनच्याच वर्तुळातून आले. अशा रीतीने ज्या माणसाने १८४४ मध्ये घड्याळ, मेणबत्ती आणि बाटली यांना गोष्ट सांगायला लावली, त्याच्याच आखणीतून निघालेली शिस्त मुंबईच्या जे. जे. शाळेतील विद्यार्थ्यांच्या हातापर्यंत पोचली, आणि त्या शिस्तीच्या पहिल्या टप्प्यांत गोष्टीला जागा नव्हती. चित्रकार रेडग्रेव्ह आणि शिक्षणाधिकारी रेडग्रेव्ह यांच्यातील हा ताण त्यांच्या चित्रांकडे पाहताना विसरता येत नाही. वस्तूची जागा कोठे आणि कशासाठी, हा प्रश्न मात्र दोघांनाही तितकाच महत्त्वाचा होता.

पुढील विवेचन वाचताना वाचकाने तीन गोष्टी शेजारी ठेवाव्यात: हूड यांची कविता, १८४३ चा अहवाल आणि रेडग्रेव्ह यांचे चित्र. अहवालात संख्या आहे पण चेहरा नाही; कवितेत आवाज आहे पण खोली अंधुक आहे; चित्रात खोली आणि चेहरा दोन्ही आहेत, पण आवाज वस्तूंत विरघळला आहे आणि राग करुणेत. यांपैकी एकावरच विसंबून त्या शिवणारीचे वास्तव सांगता येत नाही. व्हिक्टोरियन लोकजीवनचित्रांना भावुक म्हणून बाजूला सारणे विसाव्या शतकातील समीक्षेला सोपे गेले, आणि त्यांना सामाजिक सुधारणेचे साधन म्हणून गौरवणेही तितकेच सोपे आहे. अधिक उपयोगाची रीत अशी की, चित्राने ज्या मजकुरावरून जन्म घेतला त्या मजकुराशी ते ताडून पाहावे, कशाला प्रवेश मिळाला आणि कोणाला दाराबाहेर ठेवले गेले याचा हिशेब करावा, आणि तो हिशेब चित्रकाराच्या कौशल्याच्या खात्यावर किती व प्रेक्षकाच्या सोयीच्या खात्यावर किती मांडायचा, हे प्रत्येक चित्रापुरते स्वतंत्रपणे ठरवावे. ‘द सेम्प्स्ट्रेस’च्या बाबतीत समोरची उजळलेली खिडकी पहिल्या खात्यात जाते आणि वर वळलेले डोळे बऱ्याच अंशी दुसऱ्या; एकाच कॅनव्हासवर या दोन्ही गोष्टी आहेत, म्हणूनच ते चित्र त्याच्या काळाचा भरवशाचा साक्षीदार ठरते.